तासलेली कड

आमच्या घरात माणसांच्या बोलण्याआधी सूर ऐकू यायचा, आणि तो बहुतेक वेळा चुकलेला असायचा. उमरग्यात हमरस्ता सोडून आत दुसऱ्या गल्लीत वडिलांचं दुकान होतं आणि त्याच्या पाठीला आमच्या दोन खोल्या. मधे भिंत नव्हती, फळ्यांचा आडोसा होता. वडिलांना आम्ही बापू म्हणायचो. जातीनं सुतार, पण दारं-चौकटी सोडून त्यांनी हार्मोनियम दुरुस्तीचा धंदा धरला होता. आमच्याकडं हार्मोनियमला पेटी म्हणतात. भाता फुटलेली, उंदरानं कुरतडलेली, शाळेच्या कोठीत वर्षानुवर्षं पडून बहिरी झालेली, अशा सगळ्या पेट्या आमच्याकडं यायच्या. पहाटे आईच्या भाकरी थापण्याचा आवाज, मग बापूंचा एकच सूर, दहादा, वीसदा. मधेच रस्त्यावर हैदराबादकडं जाणाऱ्या ट्रकनं गियर बदलला की बापू पट्टीवर बोट तसंच दाबून धरायचे. भाताही चालू ठेवायचे. ट्रक लांब गेला की सूर तिथंच, आहे तसा, पुन्हा कानावर यायचा. लाखेचा आणि स्पिरिटचा वास तर आमच्या भाकरीलाही असायचा. लग्नानंतर पहिल्यांदा बिनवासाची भाकरी खाल्ली तेव्हा ती मला अळणी लागली होती.

घरात कामाची वाटणी ठरलेली होती. कापणं, तासणं, भोकं पाडणं हे बापूंचं आणि माझ्या मोठ्या भावाचं, अनिलअण्णाचं. घासणं, पुसणं आणि पॉलिश हे आईचं आणि माझं. म्हणजे जे लाकूड कमी करतं ते पुरुषांचं आणि जे लाकूड झाकतं ते बायकांचं. तेव्हा मला यात काही वावगं वाटत नव्हतं, उलट मिजास होती. बापूंचा एक नियम होता, की दुरुस्ती दिसता कामा नये. ते पेटीला लाकडाचं ठिगळ बसवायचे, मी त्याच्यावर लाखेचे हात मारायचे, आणि गिऱ्हाईक आलं की बापू त्याला म्हणायचे, "हुडका बरं कुटं फुटली हुती." गिऱ्हाईक पेटी उलटीसुलटी करून हरायचं. मग बापू माझ्याकडं बोट करून म्हणायचे, "आमच्या सरूचा हात हाय." बापूंनी जगासमोर माझं नाव घेतलं ते एवढ्या एका कामासाठी.

ती गिटार आमच्या घरी पैशानं नाही आली. हैदराबादेतल्या एका हॉटेलात वाजवणारी मंडळी फुटली, त्यांच्यातल्या एकाला पेटी हवी होती, बापूंनी जुन्या सांगाड्यातून त्याला नवी पेटी उभी करून दिली आणि त्यानं बदल्यात ही चार तारांची इलेक्ट्रिक बेस गिटार दिली. फार जुन्या पद्धतीच्या विलायती गिटारीची ती देशी नक्कल होती. अंग म्हणजे सरळ एक जाड फळी, कुठं गोलाई नाही, उतार नाही. रंग साईसारखा, त्यावर काळी पट्टी, आणि तारांवर दोन चकचकीत झाकणं, एक मधे आणि एक मागं, तारा जिथं बसतात त्या घोडीवर. बापूंनी ती पाहिली आणि त्यांच्यातला पेटीवाला जागा झाला. टवके उडालेला रंग त्यांनी जुळवला, आणि मग आम्हा दोघींकडून अख्ख्या गिटारीला लाखेचं पॉलिश करून घेतलं. मानेला, मानेवरच्या बोटं ठेवायच्या पट्टीला, तिथल्या धातूच्या फ्रेटांच्या फटीतसुद्धा. तारा फ्रेटांना घासतात म्हणून घोडीचे स्क्रू फिरवून त्यांनी त्या उंच उचलल्या. तंबोऱ्याला तार सुटी लागते, तीच त्यांची समजूत. आठ दिवसांनी ती दुकानात टांगली तेव्हा रस्त्यानं जाणारे ट्रकवाले थांबून बघायचे. दिसायला अशी देखणी वस्तू आमच्या गल्लीत तोवर आली नव्हती. वाजवायला मात्र ती शिक्षा होती.

ही शिक्षा अण्णाच्या वाट्याला आली. गावात खादरभाईंची ऑर्केस्ट्रा पार्टी होती. खादरभाई ढोल-ड्रम वाजवायचे, मोटारींचे सुटे भाग विकायचे आणि बापूंना उस्ताद म्हणायचे. त्यांनी अण्णाला बेसवर घेतलं. अण्णा उंच, केस मागं वळवलेले, स्टेजवर ती गिटार घेऊन उभा राहिला की शोभायचा. पण तारा इतक्या उंच की दाबताना बोटं सोलून निघायची, आणि दिव्यांच्या उष्णतेनं तळहाताला घाम आला की लाख चिकट व्हायची आणि हात मानेवरून सरकायचाच नाही. म्हणून अण्णा मोकळ्या तारा छेडायचा आणि डुलायचा. बेस कोण ऐकतं? ऐकू येतो तो गायक. बेस नसला तरच माणसांना काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. मला मात्र आडोशापलीकडून ते चुकलेलं सगळं ऐकू यायचं. दुपारी अण्णा बाहेर गेला की मी गिटार मांडीवर घ्यायचे आणि कॅसेटवरच्या गाण्यांतले खालचे सूर शोधायचे. मला ते सापडायचे. बढाई नाही, पेट्यांच्या सुरात वाढलेला कान होता तो.

मग ऐन हंगामात अण्णाला कावीळ झाली. डोळे हळदीसारखे, अंगात त्राण नाही. कळंबला व्यापाऱ्यांच्या मेळाव्यात दुपारचा कार्यक्रम ठरलेला, तीन आठवडे हातात. खादरभाई दुकानात येऊन बापूंपुढं डोकं धरून बसले होते, आणि आडोशाआड मला ठाऊकच नव्हतं. मी आपली वाजवत होते. ते बोलायचे थांबले, उठले आणि फळ्यांच्या फटीतून डोकावले.

"उस्ताद, ही तर सरू बेटी वाजवायली!"

"पुसता पुसता वाजवती. पॉलिशवाली हाय ती."

"पॉलिश नक्को बोला. हौ, हीच वाजवल कळंबला."

बापूंनी हातातलं काम बाजूला ठेवलं. शेवटी म्हणाले, "एकडाव. अनिल उठला की तो." या पुढच्या चार शब्दांकडं मी तेव्हा लक्ष दिलं नाही. एकोणीस वर्षांच्या पोरीला "एकडाव" एवढंच ऐकू येतं.

दुसऱ्या दिवशी मी बापूंना सांगितलं की तारा खाली घेतल्याशिवाय माझ्याच्यानं वाजणार नाही. त्यांना पटलं नाही. "तार पट्टीला घासती, आवाज फाटतो," ते म्हणाले. मी म्हटलं, "फ्रेट वरखाली हायेत म्हनून फाटतो बापू, तुमी द्या तर खरं." त्यांनी डिसमिस पुढं सरकवला आणि भाकरी खायला निघून गेले. मी तारा उतरवल्या. पटाशीला धार लावायचा सपाट दगड फ्रेटांवरून हळूहळू फिरवून ते एका पातळीत आणले. काचेचा तुकडा घेऊन मानेच्या मागची सगळी लाख खरवडली, माझीच लाख, आणि उघड्या लाकडाला जवसाचं तेल चोळलं. घोडीवरचं चकचकीत झाकण काढलं, कारण तळहाताची कड तिथं तारांवर टेकवली की सूर कसा पोटातून आल्यासारखा येतो ते मला कळलं होतं. मधलंही काढणार होते. खादरभाई कळवळले. "बेटी, ते चमकतं म्हनून तर लोक बघत्यात. ते काढलं तर पाटावानी दिसंल." ते मी ठेवलं. वाजवायला थोडं आड यायचं, पण बोटं त्याच्या मागं ठेवायची सवय करून घेतली. दिसण्याला एक झाकण, वाजण्याला एक. मला वाटलं, हिशेब चोख झाला.

राहिली कड. फळीची वरची कड माझ्या उजव्या हाताच्या कोपराखाली रुतायची. अर्ध्या तासात लाल वळ उठायचा, तासाभरात बोटं बधिर व्हायची. अण्णाचे हात लांब, त्याला कधी जाणवलं नसेल, किंवा तो तेवढा वेळ खरं वाजवतच नसेल. बापूंना विचारलं असतं तर नाही म्हणाले असते. म्हणून ते एका शाळेची पेटी बघायला बेंबळीला गेले त्या दिवशी मी त्यांची कानस उचलली. खरं सांगते, गिटारीपेक्षा त्या कानशीला हात लावताना मला जास्त भीती वाटली. दसऱ्याला आमच्याकडं हत्यारं पुजायची, तेव्हा हळदकुंकू मी वाहायचे, पण धार माझ्या हाती कधी आली नव्हती. आधी हात टेकवून पेन्सिलीनं खूण केली. मग कानस, मग पॉलिश पेपर, पुन्हा हात टेकवून बघायचं, पुन्हा कानस. साईच्या रंगाखालून शिवणीच्या झाडाचं पांढुरकं लाकूड निघालं. दुपार उलटेपर्यंत तिथं तळहाताएवढा उतार झाला होता, आणि माझा हात त्यावर असा बसला की जणू लाकडानंच जागा करून दिली. आयुष्यात मी अनेक गोष्टींवर हात फिरवलाय, पण इतकं आपलं काही लागलं नाही.

बापू परत आले, गिटार उजेडात धरली आणि उतारावरून अंगठा फिरवला. मला वाटलं, मारतील. त्यांनी तेही केलं नाही.

"उतार चांगला हाय," ते म्हणाले. "पन दिसतंय. कुनीबी म्हनंल, फळी उंदरानं खाल्ली."

"वाजवताना हात दुखत न्हाय बापू."

"लोक लांबून बघत्यात गं. लांबून हात दुखल्यालं दिसत न्हाय, खाल्ल्याली कड दिसती."

मी रंग जुळवून तो उतार साईचा केला. तरी त्यांच्या डोळ्याला तो टोचतच राहिला. आईचं दुखणं वेगळं होतं. सोलापूरकडचं एक स्थळ मला बघायला येणार होतं आणि माझ्या डाव्या हाताच्या बोटांना तारांनी घट्टे पडले होते. ती रोज रात्री जेवणं झाली की माझी बोटं धरून दुधावरची साय चोळायची. "असले हात घिऊन पव्हे द्यायला जानार व्हय तू? लोकान्ला वाटंल, पोरगी खडी फोडाय जाती." घट्टे गेले की तार पुन्हा कातडं सोलणार हे तिला कळत होतं, आणि ती तरीही चोळायची. मी सकाळी उठून बोटं स्पिरिटमध्ये बुडवून पुन्हा कडक करायचे. आम्ही दोघी एकमेकींवर माया करत होतो आणि एकमेकींचं काम बिघडवत होतो.

कळंबला आम्ही टेम्पोनं गेलो. वाटेत आईनं दिलेली दशमी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, खादरभाईंनी केळी घेतली. मांडव बाजाराच्या आवारात होता, भर दुपार, पत्र्यातून ऊन गळत होतं आणि धान्याची धूळ नाकात बसत होती. आईच्या सांगण्यावरून साडी नेसले होते, गिटारीचा पट्टा पदरावरून घेतला. पहिली दोन गाणी मला आठवत नाहीत. तिसऱ्याला मात्र खादरभाईंचा ढोल आणि माझी खालची तार एका जागी पडली, आणि समोर बसलेल्या टोप्यांच्या रांगेत पाय हलायला लागले. मान हलते ती गायकाला. पाय हलतात ते बेसला. त्या माणसांना हे ठाऊक नव्हतं, मला होतं. दोन तास वाजवलं. हाताला वळ नाही, बोटं बधिर नाहीत. मांडवाच्या खांबाशी बापू उभे होते, त्यांचाही पाय हलत होता. ते मी बघितलंय. कुणी काही म्हणो, मी ते बघितलंय.

कार्यक्रम संपल्यावर मी वायर गुंडाळत होते. सोलापूरच्या दुसऱ्या पार्टीचा एक गिटारवाला, पन्नाशीचा, ऐकायला थांबला होता. त्यानं बापूंकडून गिटार मागून घेतली, दोन सूर वाजवले, मग थांबून कोपराखालचा भाग चाचपला.

"ही कड कुनी तासली ओ? काय हात बसायलाय! माझी गिटार रोज कातडं काढती. हा कारागीर मला पायजे."

मी वायर तशीच धरून उभी राहिले. माझ्या आणि बापूंच्या मधे तीन हाताचं अंतर असेल. बापूंनी माझ्याकडं पाहिलं. मग त्यांनी त्या माणसाकडं पाहिलं आणि म्हणाले, "हैदराबादेहून आली तवाच तशी हुती. आमी फकस्त पॉलिश केलं."

तो माणूस हळहळला, चहा प्यायला आणि निघून गेला. मी वायर गुंडाळली. आज इतक्या वर्षांनी विचार करते, मी का बोलले नाही? तोंड होतं मला, घरात तर फार होतं. पण बापू परक्या माणसासमोर खोटे पाडायचे नसतात, हे लाखेसारखं अंगात मुरलेलं होतं. टेम्पोत खादरभाईच बोलले.

"उस्ताद, झूट कायकू बोले? पोरीचं नाव झालं असतं."

"नावच झालं असतं," बापू म्हणाले. "स्थळ यायलंय खादरभाई. सुताराची पोरगी कानस मारती म्हनून सांगू? आन् माझ्या दुकानातून अशी खाल्लेली कड गेली, हे बी लोकान्ला सांगू?"

खादरभाईंनी खिडकीतून बाहेर थुंकलं.

अण्णा महिन्याभरात उठला. त्यानं गिटार हातात घेतली, खुश झाला, तारा हलक्या लागतात म्हणाला. मग कड पाहिली आणि तोंड वाकडं केलं. "ह्ये काय गं? स्टेजवर लोक हसतील." बापू जणू याचीच वाट बघत होते. त्यांनी शिवणीचा तुकडा शोधला, रेषा जुळणारा, उतारात सरसानं बसवला, शिकंज्यात आवळला, आणि तिसऱ्या दिवशी रंधा मारून फळी पुन्हा सरळ केली. झाकण घोडीवर परत गेलं. खरवडलेली मान पुन्हा चकचकीत करायची ठरली. तारा तेवढ्या खालीच राहिल्या, कारण अण्णाला त्या सोप्या पडत होत्या. पुढं गावात सगळे म्हणायला लागले की आजारातून उठल्यापासून अनिलचा हात लई सुटला.

बापूंनी गिटार माझ्यापुढं आणून ठेवली. "सरू," ते म्हणाले, "सांदा दिसला न्हाय पायजे."

मी नाही म्हणू शकले असते. मुद्दाम वाईट करू शकले असते, एक रेघ ठेवू शकले असते, नखाएवढी. पण मला राग आला की माझा हात बिघडत नाही, उलट सुधारतो, हा माझ्यातला दोष आहे. सांध्याच्या फटीत लांबी भरली, घासली, साईचा रंग तीन वेळा ओतून फेकून चौथ्यांदा जुळवला. मग लाख. पातळ हात, वाळवण, पुन्हा पातळ हात. पाच दिवस मी त्या एका तळहाताएवढ्या जागेवर बसून होते. आई मधे मधे येऊन बघून जायची. सहाव्या दिवशी बापूंनी उजेडात धरली, अंगठा फिरवला, आणि म्हणाले, "हुडकून बी सापडत न्हाय." ते खरंच खुश होते. मला आयुष्यात त्यांच्याकडून मिळालेली ती सगळ्यात मोठी शाबासकी. सोलापूरकडचं स्थळ ठरलं. बोटांचे घट्टे लग्नाच्या आतच गेले, साय न चोळता.

बापू गेले, आई गेली, खादरभाई गेले. अण्णा त्याच्या मुलापाशी सोलापुरात राहतो. गिटार त्याच्या हॉलमध्ये काचेच्या कपाटात आहे, आत दिवा सोडलाय. गेल्या दिवाळीत भाऊबीजेला गेले तेव्हा त्याच्याकडं एक तरुण आला होता, जुनी वाद्यं बघत, फोटो काढत फिरणारा. अण्णानं कपाट उघडून गिटार त्याच्या मांडीवर ठेवली. त्यानं मोबाईलचा दिवा लावून ती कडेकडेनं तपासली, डॉक्टरनं तपासावी तशी.

"काका, बॉडी एकदम ओरिजिनल आहे," तो म्हणाला. "असल्या गिटारींच्या कडा जुने वाजवणारे हाताला टोचतात म्हणून तासून टाकायचे. वाट लावायचे. हिला कुणी हात लावलेला नाही."

"कोन लावनार?" अण्णा म्हणाला. "आमच्या बापूंनी पॉलिश केलंय ते. त्यांच्यासारखा हात जिल्ह्यात नव्हता."

मी अण्णाच्या तोंडाकडं पाहिलं. तो खोटं बोलत नव्हता. तो विसरला होता, साफ, मनापासून. खोटं बोलला असता तर मला भांडता आलं असतं.

तो तरुण गेल्यावर अण्णा चहाचं सांगायला आत गेला. मी गिटार मांडीवर घेतली. उजवा हात सवयीनं वर गेला आणि कड कोपराखाली रुतली, तशीच, तिथंच. मी चष्मा पुसला, खिडकीकडं वळले आणि कडेवरून अंगठा फिरवायला लागले. सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"काय बघायलीस?" अण्णानं दारातून विचारलं.

"काय न्हाय," मी म्हटलं.

पुन्हा एकदा फिरवला. नख लावून बघितलं. पाच दिवस बसून केलेलं माझं काम, माझी जागा मला ठाऊक होती. सांधा मलासुद्धा सापडला नाही.